गाडी गरम होते तेव्हा संगणकाला काय कळते

आजच्या साध्या पेट्रोल मोटारीतही एकच संगणक नसतो. इंजिनचा वेगळा, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, स्टिअरिंगच्या मोटरचा वेगळा आणि पडद्यावर नकाशा व गाणी दाखवणारा आणखी एक. गॅरेजमध्ये इंजिनच्या संगणकाला ‘ईसीएम’ किंवा ‘ईसीयू’ म्हणतात. उष्णतेच्या बाबतीत या मंडळींना दोन कामे करावी लागतात. इंजिन किंवा बॅटरी प्रमाणाबाहेर तापते आहे का यावर नजर ठेवणे हे पहिले, आणि स्वतःचे तापमान सांभाळणे हे दुसरे. पहिल्याची थोडीफार माहिती प्रत्येक चालकाला असते. दुसऱ्याकडे लक्ष जाते ते भर दुपारी पडदा काळा पडल्यावर.

संगणकाला उष्णता बाधते ती तीन वाटांनी. चिपमधल्या ट्रान्झिस्टरमधून बंद अवस्थेतही थोडी वीज झिरपत असते. तापमान साधारण १० अंशांनी चढले की हे झिरपणे जवळपास दुप्पट होते, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि चक्र सुरू राहते. वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य त्याच १० अंशांमागे अंदाजे निम्मे होते. तिसरी वाट सर्वांत संथ आणि सर्वांत फसवी. रोज तापणे आणि रोज निवणे यामुळे सर्किट बोर्डावरच्या सोल्डरला केसासारख्या भेगा जातात. असा बोर्ड थंड असताना नीट चालतो, तापला की संपर्क सुटतो, आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पुन्हा निवून शहाण्यासारखा वागू लागतो. मोटारीसाठीच्या चिपांची परीक्षा म्हणूनच कडक असते. ‘एईसी-क्यू१००’ या मानकातल्या वरच्या दोन प्रतींच्या चिपांना उणे ४०पासून अनुक्रमे १५० आणि १२५ अंश सेल्सियसपर्यंतच्या सभोवतालच्या तापमानात काम करावे लागते.

ठाणे-कल्याण पट्ट्यात हा विषय जरा जास्तच उघडा पडतो, आणि त्याला उन्हाइतकाच रस्ताही कारणीभूत आहे. उन्हाचे म्हणाल तर मार्चपासून मेपर्यंत समुद्राचे वारे आत उशिरा पोहोचते, त्यामुळे कल्याण, बदलापूर, मुरबाड या बाजूला पारा मुंबईपेक्षा बराच वर राहतो आणि काही दिवस चाळिशी ओलांडतो. पण रेडिएटरच्या दृष्टीने ४० अंशांची हवासुद्धा थंडच असते, कारण आतले कूलंट ९० अंशांच्या पुढे असते. अडचण आहे ती हवा न मिळण्याची. गाडी ६०-७०च्या वेगात असली की समोरून येणारा वाराच रेडिएटर निववतो, पंख्याचे काम जवळपास उरत नाही. घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत किंवा शिळफाट्यापासून काटई नाक्यापर्यंत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत असते, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. जेएनपीए बंदराकडून भिवंडी-नाशिककडे जाणारी अवजड वाहतूक कल्याण फाटा आणि मुंब्रा बायपासनेच जाते, त्यामुळे आजूबाजूची हवाही तापलेलीच असते. अशा वेळी सगळा भार एका विजेच्या पंख्यावर येतो. नाशिकपर्यंत निमूट गेलेली गाडी परतीच्या वाटेवर शिळफाट्याच्या सिग्नलला उकळते, यात गूढ काही नाही.

या फरकातच निदानाची पहिली खूण आहे. उभ्या गाडीत तापमान चढते आणि वेग घेतल्यावर उतरते, तर संशय पंखा, त्याचा रिले, फ्यूज किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेल्या चिखल-कचऱ्यावर. उलट वेगात किंवा घाट चढताना तापमान चढते, तर कूलंटचा प्रवाह कमी आहे, म्हणजे वॉटर पंप, थर्मोस्टॅट किंवा आतून चोक झालेला रेडिएटर. अनुभवी मेकॅनिक स्कॅनर हातात घेण्याआधी हेच विचारतो: “कुठे गरम झाली?”

संगणकाला मात्र हा प्रश्न कोणाला विचारता येत नाही. त्याला उष्णता थेट जाणवत नाही, त्याच्याकडे येतो तो एका तारेवरचा व्होल्टेज. त्या तारेच्या टोकाला थर्मिस्टर नावाचा छोटा खडा असतो, ज्याचा विद्युतरोध तापमान वाढले की घसरतो. कूलंटच्या एका प्रचलित सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असतो आणि १०० अंशांना २०० ओहमच्याही खाली येतो. संगणक या खड्याला ५ व्होल्टचा पुरवठा एका ठरावीक रोधातून देतो, मधल्या बिंदूवरचा व्होल्टेज मोजतो आणि साठवलेल्या तक्त्यातून तापमान काढतो. ही रचना स्वस्त आहे, टिकाऊ आहे, आणि तिच्यात एक उघड उणीव आहे: तार तुटली तरी व्होल्टेज येतोच, फक्त चुकीचा.

तार तुटली म्हणजे रोध अमर्याद, आणि अमर्याद रोध म्हणजे तक्त्यानुसार कमालीची थंडी. म्हणून कपलर सुटलेल्या किंवा उंदराने वायर कुरतडलेल्या गाडीला स्कॅनर लावला तर ऐन मे महिन्यात डोंबिवलीच्या गॅरेजमध्ये कूलंटचे तापमान ‘उणे ४०’ असे दिसते. तार बॉडीला टेकली तर उलट होते, १३०-१४०च्या पुढचा आकडा येतो. ही दोन्ही टोके ओळखणे सोपे असल्याने संगणक ती लगेच पकडतो आणि पी०११७ किंवा पी०११८ असा कोड नोंदवतो. मग तो त्या सेन्सरवर विसंबत नाही. स्वतःचा एक अंदाजाचा आकडा धरतो, पंखा सतत जोरात चालवतो आणि बऱ्याच गाड्यांमध्ये एसी बंद करतो. गाडी सुरू करताक्षणी पंखा घरघरायला लागला, तर गाडी गरम नसून संगणक आंधळा झालेला असण्याची शक्यता जास्त.

अवघड असतो तो अर्धवट खोटे बोलणारा सेन्सर. कपलरमध्ये गंज चढला की रोधात भर पडते आणि १०५ अंशांचे कूलंट ९०चे भासते. आकडा अगदी विश्वासार्ह दिसतो. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत आणि तुंबलेल्या पाण्यातून गाड्या काढल्यावर हा गंज नवलाचा नाही. असा खोटे बोलणारा सेन्सर पकडण्यासाठी संगणक ताळा घेतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू झाली की कूलंट, आत येणारी हवा आणि बाहेरची हवा या तिघांचे तापमान जवळजवळ सारखे असले पाहिजे. दोघे २८ सांगतात आणि तिसरा ४५ सांगतो, तर तिसऱ्यावर संशय. दुसरा ताळा चालत्या गाडीत घेतला जातो. इंजिनात किती हवा गेली, किती इंधन जळले यावरून ते किती वेळात किती तापायला हवे याचे गणित संगणक मांडतो. गणित एक सांगते आणि सेन्सर दुसरे, तेव्हा दोहोंतल्या तफावतीलाच तो बिघाड मानतो. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन गरज आहे तेवढे तापत नाही. त्यासाठी असलेला पी०१२८ हा कोड याच हिशेबातून निघतो. थंडीच्या देशांत तो नेहमीचा. आपल्याकडे तो दिसला की बहुतेकांना वाटते की गाडी गरम होत नाही हे बरेच झाले. पण इंजिन थंड आहे असे समजून संगणक जास्त इंधन ओतत राहतो, हा त्याचा खर्च.

आता पंख्याकडे. जुन्या आणि स्वस्त गाड्यांमध्ये संगणक पंखा स्वतः चालवत नाही, तो फक्त रिलेला हुकूम देतो. साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान रिले ओढला जातो, पंखा फिरतो, काही अंश उतरल्यावर थांबतो. पी०४८० हा कोड या हुकमाच्या तारेत दोष असेल तरच येतो. रिलेपर्यंत सगळे ठीक आहे, पण पंख्याच्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत किंवा बेअरिंग जाम आहे, तर संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. त्याच्या लेखी पंखा चालू आहे. स्कॅनरवरही ‘फॅन: ऑन’ असेच दिसते. पडद्यावरच्या ‘ऑन’वर विश्वास ठेवून पंख्याकडे न बघणारा मेकॅनिक इथे हमखास फसतो. नव्या गाड्यांत ब्रश नसलेली मोटर आणि तिचे स्वतःचे नियंत्रण असते. ती प्रत्यक्ष फेरे मोजून कळवते, ओढला जाणारा करंट सांगते, पाते अडले तर तसे सांगते. तिथे पंखा बंद पडल्याचे तापमान चढण्याआधीच समजते.

रिलेवाल्या गाडीतही एक लवकर बोलणारा साक्षीदार असतो, तो म्हणजे एसी. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढे असतो आणि त्यालाही तोच पंखा लागतो. पंखा थांबला की उभ्या गाडीत गॅसचा दाब झपाट्याने चढतो, प्रेशर सेन्सर तो पाहतो आणि संगणक कॉम्प्रेसर तोडतो. त्या वेळी कूलंटचा काटा जागचा हललेलाही नसतो. पलावा किंवा माजिवड्याच्या जॅममध्ये एसी अचानक कोमट हवा सोडतो आणि गाडी पुढे निघाली की पुन्हा गार होतो, तेव्हा एसीत गॅस भरून घेण्याआधी पंखा पाहावा. या एका चुकीपायी कितीतरी एसी विनाकारण भरले जातात.

काट्याविषयीही सांगायला हवे. बऱ्याच गाड्यांमध्ये तो मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. कूलंट ८० असो की १००, काटा मधोमध, म्हणजे चालक उगीच घाबरत नाही. काही गाड्यांतून काटाच गेला असून थंडपणाचा निळा आणि धोक्याचा लाल असे दोनच दिवे उरले आहेत. लाल दिवा लागेपर्यंत कूलंट सहसा ११५च्या पुढे गेलेले असते. रेडिएटरच्या झाकणाने सुमारे १ बारचा जादा दाब धरून ठेवल्यामुळे साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर सैल झाले की ही सवलत संपते.

सर्वांत घातक प्रसंग वेगळाच आहे. होजपाइप फुटून कूलंट वाहून गेले की सेन्सर द्रवात बुडालेला राहत नाही, हवेच्या पोकळीत लटकतो. तिथे तो धातूइतका तापत नाही. इंजिन जळण्याच्या बेतात असताना काटा खाली येतो. चालकाला वाटते की संकट टळले. म्हणून काही गाड्यांत कूलंटच्या टाकीत पातळीचा वेगळा सेन्सर असतो, काहींत सिलिंडर हेडच्या धातूतच तापमापक बसवलेला असतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत आणखी एक सूचक मिळतो. दाब उतरताना गॅस प्रचंड थंड होतो, म्हणून रिड्यूसरला इंजिनचे गरम कूलंट फिरवून ऊब दिली जाते. कूलंट कमी झाले की रिड्यूसर गारठतो, गॅसचा पुरवठा बिघडतो आणि गाडी आपोआप पेट्रोलवर जाते. टाकीत गॅस असूनही गाडी वारंवार पेट्रोलवर जात असेल, तर कूलंटची बाटली एकदा पाहून घेणे स्वस्त पडते.

सेन्सरने धोका सांगितला म्हणून संगणक लगेच कृती करतो असे नाही. क्षणभराच्या उसळीवर दिवा लावला तर दिवसभर दिवेच लागतील. म्हणून मर्यादा ओलांडलेली स्थिती काही सेकंद टिकावी लागते, आणि पंखा लागण्याचे तापमान बंद होण्याच्या तापमानापेक्षा वर ठेवलेले असते. सेन्सरच्या बारीक दोषांना बहुधा लागोपाठच्या दोन प्रवासांत सापडल्यावरच चेक लाइट मिळते. खऱ्या अतितापाला ही सवलत नसते. तिथे पायऱ्या ठरलेल्या असतात: पंखा पूर्ण वेगात, एसी बंद, मग इंजिनची ताकद कमी, म्हणजे ‘लिम्प मोड’. कोड नोंदवतानाच त्या क्षणीचा वेग, इंजिनचे फेरे आणि कूलंटचे तापमान गोठवून ठेवले जाते. भारतात मोटारींसाठी ही स्वयंनिदानाची व्यवस्था २०१०पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ नियमांनी ती दुचाकींपर्यंत नेली. गोठवलेली ही नोंद वाचली तर गाडी शिळफाट्यावर रेंगाळताना तापली की मुंब्रा बायपासच्या चढावर, हे चालकाला न विचारताही कळते. कोड वाचून लगेच पुसून टाकण्याची घाई करणारे गॅरेज हा पुरावाच नष्ट करते.

संगणकाचे स्वतःचे तापमान मोजण्यासाठी वेगळा खडा लागतोच असे नाही. सिलिकॉनच्या डायोडवरचा व्होल्टेज दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो, त्यामुळे चिपच्या आतच तापमापक कोरता येतो. इंजेक्टर आणि कॉइल चालवणाऱ्या चिपा १५०च्या पुढे स्वतःहून बंद होतात आणि निवल्यावर पुन्हा सुरू होतात. इंजिनच्या संगणकाचे आतले तापमान वाढल्याचा कोड पी०६३४ आहे. या संगणकाला पंखा नसतो. त्याची ॲल्युमिनियमची पेटी हीच त्याची निववण्याची सोय, म्हणून तिच्यावर फडकी, कागदपत्रे किंवा हौसेने बसवलेले जादा वायरिंग टेकू देऊ नये.

पडद्याच्या संगणकाचे दुखणे अधिक. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या मोटारीत हवा ६० अंशांच्या घरात जाते आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहून वर. पडदा आधी स्वतःचा उजेड कमी करतो, मग प्रोसेसर आपला वेग उतरवतो. नकाशा अडखळायला लागला, मागचा कॅमेरा उशिरा उघडला, तर तो बहुधा याच पायरीवर असतो. बाजारातून बसवलेल्या स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओंमध्ये मागचा छोटा पंखा धुळीने अडला तरी सांगणारे कोणी नसते. तो फक्त हँग होतो. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. मे २०२२मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे १ लाख ३० हजार मोटारी परत बोलावल्या, कारण जलद चार्जिंगच्या वेळी पडद्याच्या प्रोसेसरला पुरेसे कूलिंग मिळत नव्हते आणि पडदा मंदावत किंवा कोरा होत होता. दुरुस्ती सॉफ्टवेअरने झाली, एकाही गाडीचा बोल्ट न खोलता. २०१४मध्ये टोयोटाने जगभरातून १९ लाख प्रियस मागवल्या, तिथे इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमुळेच जास्त तापत होते. उष्णतेचा उगम आणि तिचा पहारेकरी एकाच सॉफ्टवेअरमध्ये असला की असेही घडते.

विजेच्या वाहनात इंजिनच्या कूलिंगची जागा बॅटरीच्या कूलिंगने घेतली आहे. ठाणे परिवहनच्या ताफ्यात २०२३पासून इलेक्ट्रिक बस आहेत, आणि डोंबिवलीच्या गल्ल्यांत इलेक्ट्रिक स्कूटर तर सर्रास. मोटारी-बसमध्ये कूलंट पंपाने फिरते. पंप फिरतो आहे हे त्याच्या फेऱ्यांवरून कळते, आणि त्यातून खरोखर कूलंट वाहते आहे की हवा, हे ओढलेल्या करंटवरून. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या कूलंटच्या तापमानातला फरक हा आणखी एक पुरावा. बहुतेक स्कूटरींमध्ये असे काही नसते. बॅटरी हवेवर निवते आणि सारी मदार बॅटरीच्या व्यवस्थापक संगणकावर, म्हणजे बीएमएसवर. तापलेल्या बॅटरीला तो चार्जिंग नाकारतो किंवा ताकद कमी करतो. चालकाला तो बिघाड वाटतो, प्रत्यक्षात ते संरक्षण असते. २०२२च्या उन्हाळ्यात देशात, पुण्यासह, इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर दुचाकी-तीनचाकींसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आले आणि बदल दोन टप्प्यांत, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३पासून लागू झाले. बॅटरीत आवराबाहेरची तापवाढ सुरू झाली की दिसेल आणि ऐकू येईल असा इशारा चालकाला मिळाला पाहिजे, ही त्यातली महत्त्वाची अट. इथे नुसते तापमान पुरत नाही. एका सेलचा व्होल्टेज अचानक खचणे आणि तापमान चढण्याचा वेग या दोन गोष्टी तापमानाच्या आकड्याआधी बोलतात.

या परिसरातले सर्वांत मोठे चालते संगणक मात्र रस्त्यावर नाहीत. कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ जातीची रेल्वे इंजिने सांभाळली जातात. १९९०च्या दशकात एबीबीकडून आलेल्या तंत्रज्ञानावर त्यांची घडण झाली आहे. कसाऱ्याहून इगतपुरीकडे आणि कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना ३७ला १ असा चढ लागतो. वेग कमी आणि मोटरींवरचा भार प्रचंड, म्हणजे शिळफाट्याचाच प्रश्न शेकडो टनांच्या मापात. म्हणून या इंजिनांत वाऱ्यावर काही सोडलेले नाही. ट्रॅक्शन मोटरींना, कन्व्हर्टरच्या कूलिंगला आणि यंत्रकक्षाला वेगवेगळे ब्लोअर आहेत, आणि संगणक गरजेप्रमाणे त्यांचा वेग बदलतो. तापमान, तेलाचा दाब आणि पंपाची हालचाल यांचा मेळ बसला नाही की बिघाड झालेला भाग वेगळा काढून उरलेल्या ताकदीवर गाडी चालू ठेवली जाते आणि लोको पायलटसमोर संदेश उमटतो. चालकाच्या चावीला कूलिंगची एक स्वतंत्र जागाच आहे. तिथे गाडी ओढता येत नाही, पण इलेक्ट्रॉनिक्स निववण्यापुरती वीज घेता येते. मोटारीच्या चालकाला अशी चावी दिलेली नाही. त्याने बाजूला थांबावे, एसी बंद करावा आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, इतकेच त्याच्या हाती.

दुरुस्तीनंतरची तपासणीही याच हिशेबाने करावी लागते. मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून आणणे उपयोगाचे नाही, कारण तिथे वारा बिघाड झाकतो. गाडी उभी ठेवून, एसी चालू करून, स्कॅनरवर कूलंटचा आकडा पाहत थांबायचे. आकडा चढला पाहिजे, पंखा लागला पाहिजे, आकडा उतरून पंखा बंद झाला पाहिजे आणि हे सगळे पुन्हा एकदा घडले पाहिजे. त्या वेळी बॉनेट उघडे ठेवून पंख्याची पाती खरोखर फिरताना डोळ्यांनी पाहायची आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी गाडी निवल्यावर पुन्हा तपासायची.